बेबीनंदाची गोधडी

६ जानेवारी, बदनापूर

आले एकदाची! दोन खोल्या, पुढे लांबलचक गच्ची, गच्चीवरून रेल्वेचे रूळ. टेबल उत्तरेच्या खिडकीला लावलं. नाशिकच्या फ्लॅटमध्ये आठ वर्षं रंग तपासायला मी बाल्कनीत पळायचे. इथे बसल्या जागी असा स्वच्छ उजेड की वांग्याचा जांभळा जांभळाच दिसतो.

खाली घरमालक मच्छिंद्रकाका आणि उषाकाकू. काका सकाळच्या गाडीने जालन्याला कामाला जातात. सामान चढवताना काकूंनी माझा मोठा मॉनिटर स्वतः उचलला आणि विचारलं की याच्यावर मालिका लागत्यात का. मी म्हटलं, लागतात, पण मी यावर पाकिटं काढते. त्यांना ते फारसं पटलं नाही. एवढी शिकलेली बाई घर सोडून पाकिटं काढायला येते म्हणजे काहीतरी वेगळंच कारण असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कारण खरंच पाकिटांचंच आहे. जालन्यातली बियाण्यांची एक कंपनी वांगं, भेंडी, मिरचीची पाकिटं नव्याने करून घेते आहे, सहा महिन्यांचं काम. त्यांचे भारत सर प्रत्येक पाकिटावर पिवळा चमकता तारा मागतात. मी तारा लहान करत नेते, ते मोठा करतात. सध्या आमचं इथपर्यंत आलंय की तो भेंडीच्या मागून डोकावतो.

दुसरं काम लहान मुलांच्या पुस्तकाचं, दुकानांच्या पाट्या खाणाऱ्या शेळीची गोष्ट. चित्रं माझी, अक्षरं महजबीनची. महजबीन संभाजीनगरला असते, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. हाताने अक्षरं काढणारी तिच्यासारखी दुसरी मी पाहिली नाही. आता ती फक्त तासाभराच्या अंतरावर. हे सगळ्यात छान.

११ जानेवारी

तीर्थपुरीला जाऊन आले. बाजारात बदरोद्दीन पेंटरने रंगवलेल्या जुन्या पाट्या अजून टिकून आहेत. त्याचा ‘र’ असा की मांडी घालून बसलाय. एका सलूनच्या काचेवरचा ‘स’ पाहून मी रस्त्यातच थांबले, मागून मोटारसायकलवाला ओरडला. चाळीस फोटो काढले. पुढच्या पत्रात पहिली शिफारस हीच.

पत्राबद्दल लिहून ठेवते. दर महिन्याच्या एक तारखेला मी ईमेलवरून एक पत्र पाठवते. वरती ‘सध्या हातात काय आहे’, खाली ‘तुम्ही काय बघावं’: एखादं प्रदर्शन, जुनी पाटी, कुणाच्या हातचं विणकाम. पावणेचारशे लोक वाचतात. निम्मे माझ्याच धंद्यातले. गंमत म्हणजे लोक खरंच उठून जातात. मागे येवल्याच्या एका विणकराबद्दल लिहिलं तर महिनाभरात वीस जण त्याच्या दारात. तो फोन करून हसत होता. मला त्याचा अभिमान आहे, का नसावा?

१७ जानेवारी

आज राजूरला गेले. संकष्टी, गणपतीला तुफान गर्दी. दर्शन दुरूनच घेतलं आणि दुकानांच्या रांगांत रिबिनी, बांगड्या, पेढ्यांच्या पुड्यांचे फोटो काढत फिरले. परतायची गाडी मिळेना म्हणून एका काळीपिवळीत बसले, तर ती उलट्या दिशेला निघाली. चूक लक्षात आली तोवर चार किलोमीटर गेले होते. उतरले ती एका वस्तीवर. सहा-सात घरं, हरभऱ्याची रानं.

आणि तिथे एका अंगणात बाजेवर वाळत घातलेली गोधडी.

मी गोधड्या खूप पाहिल्यात. अशी नाही. मधोमध लाल पट्टा, त्याच्याभोवती तुकडे चक्राकार फिरत जातात, आणि धावदोरा इतका बारीक की कापडावर पाण्याची लाट चालल्यासारखी वाटते. शिवणारी बाई पन्नाशीची, कौसल्याबाई. तिने पाणी दिलं, गूळ दिला. जुन्या साड्यांची का, असं मी विचारलं. तर म्हणाली, "न्हाई. मेलेल्या माणसाचं कापड थंड ऱ्हातं. मला जित्या माणसाच्या अंगावरचं लागतं."

मग तिने लाजत माझ्या निळ्या ओढणीकडे बोट दाखवलं. कोपरा दिला तर आठवण ऱ्हाईल म्हणाली. मी आनंदाने दिला. तिने लगेच कात्रीने कापला, तळहातावर धरला, मिटला, जणू ऊब बघत होती. पाहुण्यांच्या नोंदवहीऐवजी गोधडी! मला हे डिझाइनच्या कुठल्याही वर्गात सुचलं नसतं.

आतल्या खोलीत कुणीतरी झोपलं होतं. लेक आहे म्हणाली, बेबीनंदा.

१ फेब्रुवारी

पत्र गेलं. गोधडीचा फोटो अगदी वर, शिफारस पहिली. बदरोद्दीन पेंटर दुसरा. मी लिहिलं: ‘राजूरच्या पुढे चार किलोमीटर. जाताना अंगावर असं काहीतरी घाला ज्याचा कोपरा गेला तरी चालेल. कौसल्याबाई तो मागून घेतात. अलीकडे पाहिलेली ही सर्वांत सुंदर कल्पना.’ वस्तीचा नकाशाही जोडला.

दुपारपर्यंत एकतीस उत्तरं. महजबीन म्हणते उद्याच जाते, फहीमची गाडी घेऊन. फहीम तिचा धाकटा भाऊ, बँकेत आहे.

५ फेब्रुवारी

महजबीन जाऊन आली. तिच्या पिस्ता रंगाच्या दुपट्ट्याचा कोपरा दिला. ती म्हणते की बाई फार चांगली, पण सारखी विचारत होती की अजून कोण कोण येणार, कधी येणार.

संभाजीनगरचे देवळे सरही गेले होते. आर्किटेक्चर शिकवायचे, आता निवृत्त, माझ्या पत्राचे सगळ्यात जुने वाचक. त्यांनी खादीच्या सदऱ्याची बाही कापून दिली. फोटो पाठवलाय, एका बाहीचे देवळे सर, हसताहेत. आणखी तिघं जाऊन आले.

मी दुपारी टेबलावर डोकं ठेवून दोन तास झोपले. मी दुपारी झोपणारी नव्हे.

१० फेब्रुवारी

भारत सरांचे सहा फोन येऊन गेले. मी झोपले होते. सकाळी अकराला! मिरचीच्या पाकिटाची तारीख चुकली. माफी मागितली, ते बिचारे म्हणाले की मॅडम तब्येत सांभाळा, हवा बदलली की होतं असं.

काकूंनी वर येऊन पाहिलं. म्हणाल्या की काल दार वाजवून वाजवून हात दुखला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ही झोप नेहमीसारखी नाही. स्वप्न नाही, कूस बदलणं नाही. दिवा विझावा तशी.

रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. सगळं ठीक.

१५ फेब्रुवारी

देवळे सरांच्या पत्नीचा मेसेज. सर सोळा-सतरा तास झोपतात. जेवताना घास हातात धरून झोपतात. डॉक्टरांना काही सापडत नाही. त्यांनी अगदी सहज विचारलं होतं: तुमच्या त्या गोधडीवाल्या बाईकडे काही खाल्लं होतं का हो?

मी महजबीनला फोन लावला. फहीमने उचलला. आपा सो रही है, म्हणाला. दुपारचे चार वाजले होते. मी विचारलं, कधीपासून. कलसे, म्हणाला.

बाकीच्या तिघांना लिहिलं. दोघांचं उत्तर आलं. दोघंही थकलेत. ‘कामाचा ताण असेल’ असं दोघांनीही लिहिलंय.

१६ फेब्रुवारी

आज काकूंना गोधडीचा फोटो दाखवला. आधीच दाखवायला हवा होता. त्यांचं माहेर राजूरजवळचं, हे मला आजच कळलं.

फोटो पाहून त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मला म्हणाल्या, "तू तुकडा दिला का? खरं सांग."

मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी बेबीनंदाचं लग्न ठरलं होतं. हळदीच्या दिवशी दुपारी पोरगी जरा पडते म्हणून आत गेली आणि उठलीच नाही. मेली नाही, फक्त उठली नाही. जालना झालं, संभाजीनगर झालं, मोठमोठी मशिनं झाली. शेवटी कौसल्याबाईने तिला घरी आणलं. चमच्याने पेज पाजते, केस विंचरते. कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण ती जित्या माणसांच्या अंगावरचे तुकडे गोळा करू लागली आणि लेकीसाठी गोधडी शिवू लागली. वस्तीवरच्यांनी कीव येऊन दिले. तर एक म्हातारा झोपेतच गेला. मग एक दहावीतली पोरगी झोपायला लागली; तिच्या बापाने जाऊन गोधडीतला पोरीचा तुकडा उसवून आणला, तेव्हा कुठे पोरगी उठली. मग बाकीच्यांनीही आपापले तुकडे उसवून नेले, आणि त्या दिवसापासून तिच्या अंगणात कुणी पाय ठेवत नाही. चार वर्षं झाली.

"गावातलं कोनी देत न्हाई," काकू म्हणाल्या, "म्हनून ती वाट बघून राह्यली व्हती. भायेरचं कोनी यावं म्हनून."

भायेरचं कोनी. मी नकाशा जोडला होता.

१८ फेब्रुवारी

परवा रात्री झोपले ती आज उठले. म्हणजे सतरा तारीख नाहीच.

उठल्या उठल्या पत्र लिहिलं, सगळ्यांना: तिथे जाऊ नका, कापड देऊ नका. कारण काय लिहायचं? खरं लिहिलं. दोन तासांत उत्तरं. ‘जबरदस्त, कथा लिहितेस का?’ ‘मार्केटिंग असावं तर असं!’ नागपूरच्या एकीने लिहिलं की आता तर जायलाच हवं. एकाने विचारलं की नकाशा पुन्हा पाठवशील का.

सगळ्यांना एकेक करून फोन करायचं ठरवलं. अकरा झाले. बारावा लावता लावता—

२१ फेब्रुवारी

देवळे सर गेले. झोपेतच. त्यांच्या पत्नीने मला दोष दिला नाही. म्हणाल्या, चेहरा फार शांत होता.

फहीमने महजबीनला दवाखान्यात ठेवलंय. नळ्या लावल्यात. फोन कानाशी धर म्हटलं त्याला. मी तिला शेळीच्या पुस्तकाबद्दल सांगितलं, की अकराव्या पानावरचा ‘ळ’ राहिलाय, ऊठ, तुझ्याशिवाय कोण काढणार. पलीकडून फक्त श्वास.

काकू म्हणतात चल, काकांना घेऊन जाऊ. मी नको म्हटलं. त्यांच्याकडूनही तिने काही मागितलं तर? मी एकटीच. परवा. नाही, उद्या. परवापर्यंत मी—

२३ फेब्रुवारी

उद्या गेलाच. झोपले होते.

आता सकाळचे नऊ. काळीपिवळीत बसलेय, राजूर मागे पडलं. काकूंनी येऊन तोंडावर पाणी मारलं, राजूरच्या बसमध्ये बसवून दिलं आणि कंडक्टरला सांगितलं की हिला बिलकुल झोपू देऊ नका. त्याने राजूरपर्यंत दर पाच मिनिटांनी हाक मारली. भला माणूस. वही हातात धरलीय. लिहीत राहिले की जाग राहते. अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

साडेनऊ. अंगणात आहे. कौसल्याबाई मला पाहून घाबरली नाही. तिने पाणी दिलं. मी घेतलं नाही.

बेबीनंदा बाजेवर बसलीये.

बसलीये. डोळे उघडे. तिशीची बाई, पण चेहऱ्यावर वीस वर्षांच्या मुलीचा गोंधळ. गोधडी पांघरून भाकरी खाते आहे, लहान लहान घास. मला म्हणाली, "ताई, आई सांगती तुमीच लोकं धाडले. लई उपकार झाले."

तिने विचारलं की तिचं लग्न ठरलं होतं तो मुलगा कसा आहे. आई म्हणाली, मंग सांगते.

पावणेदहा. कौसल्याबाईला सगळं सांगितलं. देवळे सर मेले तेही. तिला माहीत होतं. म्हणाली, "नऊ साल मी हिच्या तोंडाशी आरसा धरून बघत ऱ्हायले, श्वास हाय का न्हाई. तुमी एक महिना काढला, ताई. एकच."

मी म्हटलं, तुकडे उसवणार आहे. मला वाटलं ती अंगावर येईल. तिने कात्री आणून माझ्या हातात दिली.

"काढा. पन आधी माज्या लेकीला सांगा, की कोनाचा काढून राह्यला आन् का. मंग काढा."

दहा. सांगितलं. बेबीनंदाला सांगितलं की महजबीन माझी मैत्रीण आहे. अक्षरं काढते. झोपली आहे. हा पिस्ता रंगाचा तुकडा तिचा. बेबीनंदा त्या तुकड्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली की काढा, मैत्रीण हाय ना. आणि डोळे मिटून घेतले, सुई टोचून घेताना मूल मिटतं तसे.

एकेक टाका कापला. शेवटचा टाका सुटला आणि बेबीनंदाचा डावा हात मांडीवर पडला. भाकरीसकट. तो पुन्हा उचलला गेला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

कौसल्याबाई रडली नाही. भाकरी उचलून तिला उजव्या हातात दिली.

हे मी केलं. हेही मीच केलं.

साडेदहा — मध्ये झोपले. उभ्याने. कौसल्याबाईने धरलं. फोनवर फहीमचा मेसेज. आपा उठी. पानी माँगा. नंतर तिचाच एक, दोनच शब्द. कुठंयस तू.

रडतेय. लिहितेय. देवळे सरांची खादी थंडगार पडलीय. तिघं अजून बाकी आहेत. एक लाल चौकड्यांचा, एक राखाडी, एक पांढरा. ते आज झालेच पाहिजेत. आणि माझा. पण प्रत्येक तुकड्यामागे ही मुलगी थोडी थोडी—

ती विचारतेय, आता कोणाचा, ताई?

अकरा असतील. राखाडी निघाला. बेबीनंदाला उजवीकडचं दिसत नाही म्हणते. लाल निघाला. ती बोलताना शब्द विसरतेय. पांढरा — पांढरा काढताना तिने माझं मनगट धरलं. घट्ट. मग आपणहून सोडलं. निघाला.

माझा कुठंय. निळा. वर कुठेच नाही—

कौसल्याबाई म्हणते, भायेरच्यांत पयला तुमचाच व्हता. आत गेला. मधल्या थरात. सारी उसवा लागल.

सगळी गोधडी. शेकडो टाके. कात्री धरवत नाही. मी म्हटलं तुम्ही उसवा. मी म्हटलं हात जोडते. ती म्हणाली ऊबवाला एवढाच राह्यलाय, ताई. एवढ्यावरच बसलीय ती.

कपाळावर ऊन आहे. हरभऱ्याच्या रानात कुणीतरी कुणाला हाक मारतंय. जवळ आहे. ओरडायला हवं. ओरडले का मी

टाके कापतेय. सात. आठ. आठवा परत कापला बहुतेक

वही जमिनीवर. पडून लिहितेय. कधी पडले

बेबीनंदा खाली आलीय. रांगत. एका हाताने. तिचा हात गरम, केवढा गरम. ती म्हणते कात्री माझ्याकडं द्या ताई, मी हुडकते तुमचा. तुमी जरा पाय लांब करा. जराच. मी पण अशीच जरा—

नको म्हणतेय मी. आवाज न

तिने गोधडी माझ्या पायांवर ओढली. मग पोटावर. ऊब

महजबीन, अंगणात येऊ नको, मला न्यायला तू येशील, येऊच न